जिंकला तो उठला

माझी मतं कुणी विचारत नाही, म्हणून मी चॅनल काढलं. नाव ठेवलं 'अंजू बोलते'. दिवसभर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये बेअरिंग आणि पट्टे काढून द्यायचे, संध्याकाळी खोलीवर येऊन गेम खेळायचा आणि खेळता खेळता तोंड चालवायचं. ऐकणारे अकराशे लोक आहेत. त्यातले निम्मे भांडायला येतात, पण येतात.

भांडणासारखंच बोलते मी. सोप्या लेव्हलवर खेळणाऱ्याला जो हसतो, तो माणूस माझ्या डोक्यात जातो. अरे बाबा, तो ड्यूटी करून आलाय, त्याला गोष्टीत पुढे काय होतं ते बघायचंय, तुझ्या बापाचं काय जातं? आणि ज्या गेमला मध्येच थांबवायचं बटन नाही, तो गेम करणाऱ्याच्या घरी दूध कधी उतू गेलेलं नसणार. ज्यानं पॉजचं बटन शोधलं, त्याच्या मी पाया पडेन. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये माझा आवाज ऐकून 'ताई, भाकरी टाक जा' म्हणणारी पोरं भेटतात. त्यांना आधी आडवं पाडते, मग सांगते की भाकरी टाकून झाली, तू जेवून घे.

पण माझं सगळ्यात लाडकं मत वेगळंच आहे आणि ते मी दर दोन महिन्यांनी नव्यानं सांगते. माझ्या मते गेमचा सगळ्यात चांगला नियम ज्यानं बनवला, तो माणूस जपान-अमेरिकेत नाही. तो दारव्ह्यात आहे. त्याचं नाव मोहिउद्दीन, आणि तो स्टोव्ह दुरुस्त करायचा.

जगात सगळीकडे हरला तो उठतो आणि जिंकला तो बसून राहतो. मोहिउद्दीन चाचांच्या दुकानात उलटं होतं. जिंकला तो उठायचा. ज्याला येतं त्याला आणखी कशाला खेळायचं? ज्याला येत नाही त्यानं बसावं, हात बसेपर्यंत खेळावं. मोठमोठ्या कंपन्या शेकडो इंजिनिअर बसवून जे करू शकल्या नाहीत, ते ह्या माणसानं एका वाक्यात केलं. असं मी चॅनलवर छाती ठोकून सांगत आले. ह्यातलं काही मला चाचांनी सांगितलेलं नव्हतं, ते सगळं माझं मीच लावलं होतं. वर कुणी 'फारच भारी विचार' असं लिहिलं की मीच तो विचार केल्यासारखी फुगायची.

दुसरी एक गोष्ट मात्र मी चॅनलवर कधीच बोलले नाही. ती मोईनच्या फोनमुळे बोलावी लागणार होती.

मोईन हा चाचांचा मुलगा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. आता दुकान तोच बघतो. स्टोव्ह गेले, मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या आल्या. त्याचा फोन चहाच्या सुटीत आला.

"अंजू, अब्बाचे डोळे चालले वो," तो म्हणाला. "काचबिंदू हाय. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, गेलं ते गेलं. राह्यलं ते पन दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं."

मी विचारलं, आता किती दिसतं?

"पाइपातून पाह्यल्यासारखं. समोरचं दिसते, बाजूचं नाही दिसत. त्याईनं एक यादी केली हाय, डोळे जाच्या आधी काय काय पाह्यचं त्याची. अम्मीले वाटलं अजमेर म्हनतीन. तर नाही. पह्यलं, पुसदच्या नातवाचे नवे दात. ते झालं पाहून. दुसरं, गेमचा मालक. तो काई येत नाही आता. अन् तिसरं तू."

"मी? मले काय पाह्यचं? व्हिडिओ कॉल लाव ना."

"तुले जिंकतानी पाह्यचं हाय. आपल्या दुकानात, आपल्या गेमवर. एकच डाव. म्हनते, अंजू इतके दिवस आली पन जिंकतानी दिसली नाही."

चहा हातातच राहिला. कारण मोईनला जे माहीत नव्हतं ते मला पक्कं माहीत होतं. त्या दुकानात मी मुद्दाम हरायची.

सांगते. मी नऊ वर्षांची होते. आमचा तांडा दारव्ह्याहून जीपनं अर्ध्या तासावर. बाजाराच्या दिवशी याडी, म्हणजे माझी आई लालीबाई, शेतातली मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी घेऊन जायची आणि मला घरी ठेवायला कुणी नसल्यानं सोबत न्यायची. पालाखाली जागा भाजीलाच पुरायची नाही. मी उन्हात बसायची. एका बाजाराला आमच्या स्टोव्हचं वायसर गेलं म्हणून याडी मला घेऊन चाचांच्या दुकानात गेली. स्टोव्ह व्हायला वेळ लागणार होता आणि तिकडे भाजीवर गाय तोंड घालायला बसलेली. चाचा म्हणाले, पोरीले राहू दे इथं, स्टोव्ह अन् पोरगी संगंच ने.

दुकानात एका कोपऱ्यात चौदा इंची टीव्ही होता आणि त्याला जोडलेला कॅसेटवाला व्हिडिओ गेम. तो गेम चाचांचा नव्हताच. कुणीतरी दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलाच नाही. त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी होती, 'बुधवारी नेणार'. कोणता बुधवार ते लिहिलं नव्हतं. चाचांनी तो दुरुस्त केला, मालक येईपर्यंत चालता राहावा म्हणून जोडून ठेवला, आणि स्टोव्हची वाट बघत बसलेल्यांची पोरं त्यावर खेळायला लागली. कॅसेटही एकच होती, त्यात एकच मारामारीचा गेम. एक पैलवान लाल, एक निळा. मी निळा घ्यायची. बसायला रॉकेलचे दोन उलटे डबे, वर पोत्याची गादी.

त्या दिवशी मी एकामागून एक डाव हरले आणि बसून राहिले, कारण तिथला नियमच तसा होता. मोईन जिंकायचा आणि उठायचा, दुसरं पोरगं बसायचं, तेही जिंकून उठायचं. वर पंखा होता. पुढच्या बाजाराला याडीनं मला परस्पर चाचांच्याच दुकानात सोडलं, आणि पुढची तीन वर्षं तसंच चाललं.

पहिले सहा महिने मी खरंच हरले. मग हळूहळू हात बसला. खाली बसून वरचा बुक्का कधी मारायचा ते कळलं. आणि एका बाजाराला मी मोईनला हरवलं. पोरं ओरडली. मी आनंदानं उडी मारली आणि उठले. उठल्यावर कळलं की आता बसायला जागा नाही. रांगेत आठ-नऊ पोरं होती, आतल्या बाकावर गिऱ्हाइकं. मी बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. समोर सरकीच्या ढेपेचं गोदाम, त्याची पत्र्याची भिंत, आणि मे महिना. माझा नंबर परत लागेपर्यंत पाच वाजले आणि याडी दारात आली. त्या दिवशी जीपमध्ये मला ओकारी झाली.

त्यानंतर मी जिंकले नाही. पहिला राउंड जिंकायची, कारण हौस होती. शेवटच्या राउंडला समोरच्याची पडद्यावरची आयुष्याची पट्टी बोटभर उरली की माझा उजवा अंगठा बटनावरून केसभर वर उचलायचा. बाकी काही करावं लागायचं नाही. समोरचा जिंकायचा, उठायचा, आणि मी पंख्याखाली बसून राहायची. पोरं मला चिडवायची, ही आली हारणारी. मला वाटायचं, मी अख्ख्या दुकानाला उल्लू बनवलं.

आता ह्याची शिक्षा ऐका. तो अंगठा अजून तसाच आहे. कुठलाही गेम असो, शेवटच्या राउंडला तो आपसूक उठतो. गेल्या वर्षी विदर्भातल्या पोरापोरींची ऑनलाइन स्पर्धा होती. फायनलला मी दोन डाव पुढे होते आणि तिथून हरले. चॅनलवर लोक विचारतात, ताई, तुझ्या शेवटच्या राउंडला लाइट जाते का? मी त्यांच्यावर खेकसते, पण खरं कारण सांगत नाही. काय सांगणार, की मला जिंकल्यावर ऊन लागतं म्हणून?

आणि आता त्याच माणसाला, ज्याच्या पंख्याखाली मी फुकट तीन वर्षं बसले, माझं जिंकणं बघायचं होतं. तेही आता जमलं तर जमलं. मी आठ दिवस खोलीवर सराव केला. अंगठ्याला चिकटपट्टी लावून पाहिली. तीनदा शेवटच्या राउंडपर्यंत आले आणि तीनदा तो मेला उठला.

बाजाराच्या दिवसाची सुटी टाकली. आधी तांड्यावर गेले. याडीचे गुडघे गेल्यापासून ती बाजार करत नाही, पण तिला सांगितल्यावर ती लुगडं बदलायला उठली. आम्ही घरात गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा बोलतो, पण मराठीत सांगायचं तर तिचं म्हणणं असं होतं की, तीन वर्षं ज्याच्याकडे पोरगी टाकली त्याचे डोळे चाललेत आणि मी घरी बसू काय? शिवाय तू तिथे करायचीस काय ते मी एकदाही पाहिलेलं नाही. तिनं पिशवीभर मेथी घेतली आणि आम्ही जीपनं निघालो.

दुकान तेच होतं. आत शिरताच चाचा म्हणाले, "कोन, अंजू काय? सरळ समोर ये बेटा. बाजूनं येशीन तं दिसत नाहीस."

मी सरळ समोर गेले. त्यांनी माझा चेहरा बघितला, म्हणजे तुकड्यातुकड्यानं बघितला. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. मला रडू आलं आणि ते लपवायला मी वाकून पायाला हात लावला. जुबैदाचाची आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनी याडीला आपल्या शेजारी बाकावर बसवलं आणि पिशवीकडे बघून म्हणाल्या,

"लालीबाई, मेथी कायले आनली वो?"

"तुमाले आनाले लागते काय विचारून?" याडी म्हणाली. "पोरीले तीन वर्स पानी पाजलं तुमी. पानीच नाही, भजे बी खाऊ घातले. मले मालूम हाय."

टीव्ही तोच होता. मोईननं घरून मोठा टीव्ही आणायचा म्हटलं होतं, पण तो चाचांच्या नजरेत मावेना. हा चौदा इंची बरोबर मावायचा. चाचांनी खुर्ची चार फुटांवर ठेवून घेतली आणि मान न हलवता म्हणाले, पुरा दिसते. गेमला ती चिठ्ठी अजून बांधलेली होती. अक्षरं उडाली होती, 'बुध' तेवढं राहिलं होतं.

कॅसेट लागेना. मी सवयीनं फुंकायला तोंड लावलं तर चाचा ओरडले, "थुका नोको लावू!" त्यांनी खिशातून शाळेचं खोडरबर काढलं, कॅसेटच्या पितळी दातांवरून बोटानं चाचपत दोनदा फिरवलं आणि परत दिलं. आता लागली. माझं एक मत आहे की कॅसेट फुंकून चालू होते असं मानणाऱ्या आमच्या अख्ख्या पिढीला ह्या माणसानं खोडरबर दाखवायला हवं होतं. पण त्यानं तेव्हाही दाखवलंच होतं, आम्हीच ऐकलं नाही.

मी मोईनला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात दम दिला. "पाह्य मोईन, मुद्दाम हारला तर उठून चालली जाईन मी."

"म्या कायले हारू?" तो म्हणाला. "पन खरं सांगू काय, मले बी बसायचं हाय. लहानपनी दर डावाले जिंकलो अन् दर डावाले उठलो. माह्या बापाच्या दुकानात मलेच बसाले जागा नाही. माह्यं सारं लहानपन त्या पायरीवर गेलं उन्हात. पह्यले तं असा नियमच नोता, म्या दिवसदिवस बसून राहो, बादशाहावानी. मंग एक दिवशी अब्बाले काय सुचलं त्याईलेच मालूम."

"गुपचूप बोलू नोका," चाचा म्हणाले. "डोळे गेले माह्ये, कान नाही गेले. मोईन, खेळ खरा खेळजो. तू सोडलं तं मले बटनाच्या आवाजावरून कळंल."

डाव पाच राउंडांचा ठरला. जो तीन घेईल तो जिंकला, आणि जिंकला तो उठणार. मी डब्यावर बसले. गादी नवीन होती, पण डबा तोच, डावीकडे डुगडुगणारा. गेमचा रिमोट हातात घेतला. चाचा मागून श्वास घेत होते तेही ऐकू येत होतं.

पहिला राउंड मी घेतला. "कोन कोनाले मारून राह्यलं?" याडीनं विचारलं. जुबैदाचाचींनी सांगितलं, निळा तुही पोरगी हाय. "मंग लाल पोट्टा काहून पडला?" "तो माहा पोट्टा हाय," चाची म्हणाल्या. दुसरा राउंड मोईननं घेतला. त्याचा हात अजून तसाच होता, लाल पैलवान कोपऱ्यात दाबून दाबून मारायचा. तिसरा मी घेतला आणि चौथा त्यानं. त्यात माझी चूक नव्हती, त्यानं खरोखर चोपलं मला. रस्त्यावरची दोन गिऱ्हाइकं मिक्सर हातात धरून दारात उभी राहिली.

पाचवा राउंड. मी अशी खेळले, तशी आजवर कधी खेळले नव्हते. मोईन उडी मारायचा तिथे मी आधीच बसलेली असायची. त्याची आयुष्याची पट्टी अर्ध्यावर आली, मग बोटभर उरली. आणि मला अंगठ्यात ते जाणवलं. तो उठत होता. मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, दाब म्हटलं, दाबेना. बटन गप्प झालं. लाल पैलवानानं एक बुक्का घातला, दुसरा घातला. माझी पट्टी सरकायला लागली. चाचा बघताहेत, हे मला कळत होतं, आणि जितकं कळत होतं तितका अंगठा ताठ होत होता. मला वाटलं, झालं. ह्या माणसानं डोळे जाताजाता एक गोष्ट मागितली आणि मी तीही द्यायची नाही.

मागून चाचांचा आवाज आला. ओरडले नाहीत. स्टोव्ह झाला, घेऊन जा, असं सांगावं तसे म्हणाले,

"अंजू, बाजार उठला बेटा. तुही याडी आली. आता जिंकली तं चालते."

मी वळून पाहिलं नाही, पण याडी तिथे होती, बाकावर, हातात चहाची बशी घेऊन. ती आली होती. जीप चुकणार नव्हती. कुणी मला उन्हात उभं करणार नव्हतं. माझे डोळे असे भरले की पडद्यावर लाल आणि निळा एकच झाले, पण अंगठा खाली आला. खाली बसून वरचा बुक्का. एकदा, परत एकदा. बटनाचा टकटक आवाज मला स्वतःला ऐकू आला. लाल पैलवान पाठीवर पडला आणि उठला नाही.

दारातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. याडीनं विचारलं, झालं काय?

"झालं," चाचा म्हणाले. "दिसलं मले. पुरं दिसलं."

मी तशीच रिमोट धरून बसलेली. नाक पुसायचंही भान नव्हतं. मग मी विचारलं, "चाचा, तुमाले मालूम होतं?"

"स्टोव्हच्या आवाजावरून सांगो म्या, वायसर गेलं का पिन भरली," चाचा म्हणाले. "दर डावाले शेवटी तुह्यं बटन बंद पडे. बटन खराब असतं तं पह्यल्या राउंडालेच बंद पडलं असतं ना? पह्यल्यांदा जिंकली ते कामात दिसलं नाही, पन तू बाहेर गेली ते पाह्यलं होतं म्या. दोन घंटे उभी होती पायरीवर. म्या हातातलं काम टाकून उठालेच पाह्यजे होतं. नाही उठलो. घाईचं गिऱ्हाइक होतं. मंग तूच आपला रस्ता काढला, म्हटलं काढू दे."

"पन तो नियम," मी म्हणाले. "हारला त्याले शिकाले भेटलं पायजे म्हनून केलता ना तुमी? मी सगळ्याईले तेच सांगत आली."

चाचा हसले. इतके हसले की खुर्ची करकरली. "शिकाचं कायचं बेटा? शाळा होती काय माह्यी? तू पह्यल्या दिवशी आली तवा ऊन किती होतं. तू हारली अन् मोईन म्हने, चाल, ऊठ. तू बिचारी उठून राह्यली होती. तुह्याकडं पाह्यलं अन् माह्या तोंडातून निंगालं, इथं जिंकला तो उठंन. एकडाव बोललो मंग तेच चालू राह्यलं. दुसऱ्या बाजारी बंद करतो तं तू परत आली."

मोईन म्हणाला, "म्हंजे माह्यी बादशाही हिच्यामुळं गेली?"

"मंग काय त," चाचा म्हणाले.

"वीस वर्सं म्या समजलो माह्या बापाले माह्यं जिंकनं पाह्यवत नाही!" मोईननं कपाळाला हात लावला. तो हसत होता, पण त्याचा आवाज जागेवर नव्हता. जुबैदाचाचींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता तं बसला ना, बस.

माझं सगळ्यात लाडकं मत असं त्या दुपारी मोडीत निघालं. इतकी वर्षं मी जगाला सांगत होते की ह्या माणसानं खेळाचा थोर नियम शोधून काढला. त्यानं खेळाचा विचारच केला नव्हता. त्याला एका परक्या पोरीला उन्हात उठवायचं नव्हतं, आणि 'हिला बसू द्या' असं म्हटलं असतं तर पोरांनी मला छळलं असतं, म्हणून त्यानं जगाचा नियमच उलटा केला. त्याची किंमत त्याच्या पोटच्या पोरानं भरली आणि दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही. मी आजवर जे काही खेळले, जे काही शिकले, अकराशे माणसांसमोर जे तोंड वर करून बोलते, ते सगळं त्या एका दुपारच्या सावलीतून आलं. हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. चाचा म्हणाले, पुरं झालं, चहा निवला.

मग त्यांनी खुर्चीतूनच हात वर केला. "ऊठ आता. नियम हाय."

मी उठले. मोईन डब्यावर पाय पसरून बसला, रिमोट मांडीवर घेतला आणि पंख्याकडे बघून त्यानं डोळे मिटले. त्याच्यासमोर खेळायला मिक्सरवालं एक गिऱ्हाइक येऊन बसलं. मी बाहेर पायरीवर आले. गोदामाची पत्र्याची भिंत तशीच तळपत होती. ऊन थेट डोक्यावर आलं, मानेवर आलं. हे ऊन माझ्या वाट्याचं होतं आणि मोईननं ते माझ्याऐवजी खाल्लं होतं. मी सावलीला सरकले नाही.

आतून याडीचा आवाज आला. "आता ही कायले उन्हात जाऊन उभी राह्यली?"

"जिंकली न ती," चाचा म्हणाले. "म्हनून."